डाव्या बॉक्ससमोरचे उत्तमभाऊ

स्टेज लाकडी फळ्यांचं असो नाहीतर दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकमेकींना लावून केलेलं असो, उत्तमभाऊ चपला खाली काढल्याशिवाय वर चढायचे नाहीत. काढलेल्या चपला पायरीशी पाठमोऱ्या ठेवायचे, म्हणजे उतरताना पाय थेट आत जावेत. मग खिशातून एक लवंग काढून दाढेखाली धरायची, कॅमेऱ्याच्या पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे घ्यायचे आणि डाव्या बॉक्ससमोर जाऊन उभं राहायचं. बॉक्स म्हणजे आमच्या साउंडचा स्पीकर, पुरुषभर उंचीचा. त्याच्यापासून हातभर अंतरावर हा बारीक, काळासावळा, पन्नाशी ओलांडलेला माणूस अनवाणी तीन-तीन तास उभा असायचा. जागा तीच का, तर पेटीवर बसलेला गायक तिथून अर्ध्या चेहऱ्याचा दिसतो आणि माईक तोंडावर येत नाही.

त्या बॉक्समधून जे काही निघायचं, ते मी सोडत असे.

दारव्हा, आर्णी, दिग्रस या भागात गाण्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही. भीमगीतांच्या गायन पार्ट्या, खंजेरी भजनांच्या स्पर्धा, एखाद्या गावात कव्वालीचा मुकाबला. या सगळ्यांचे फोटो उत्तमभाऊ काढायचे आणि फक्त यांचेच काढायचे. दारव्ह्याला बसस्टँडजवळ त्यांची एक खोली होती. तिथं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं काम कुसुमवहिनी बघायच्या. लग्नाचं काम आलं की भाऊ हात जोडायचे. म्हणायचे, "लग्नात मानूस फोटूसाठी उभा राह्यते. गान्यात तो फोटूले इसरून जाते. मले इसरलेला मानूस पायजे."

मी इकडचा नाही. माझं गाव साताऱ्याकडं, माण तालुक्यात. आठवीत शाळा सोडली. सरकीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून या बाजूला आलो, ड्रायव्हरशी बिनसलं आणि दारव्ह्याला उतरलो तो राहिलोच. एका साउंडवाल्याकडं आधी वायरी गुंडाळल्या, मग बॉक्स उचलले आणि तीन वर्षांनी मिक्सरवर बसलो. पुणं मी आजवर दोनदा पाहिलंय, तेही ट्रकमधून. पण इथं सगळे मला पुनेकर म्हणतात. सुरुवातीला कुणी 'का' ऐवजी 'काहून' म्हटलं की मला कळायचं नाही. कळायला लागलं तेव्हा फोनवर आईशी बोलताना एकदा माझ्याच तोंडून 'काहून' गेलं. आई म्हणाली, "लांब गेलास बाबा."

स्वभावानं मी घाबरट. प्रत्येक वायर तीनदा बघतो. दोनदा बघून भागत नाही. कार्यक्रम सुरू असतानाही टेबलाखाली वाकून हात लावून येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं याचा संबंध आहे.

मिक्सरवर एकटा बसलो तो पहिला कार्यक्रम आर्णीकडच्या एका गावात होता, दुपारी चारचा. दुसऱ्याच गाण्याला शिट्टी लागली. माईकमधला आवाज बॉक्समधून निघून परत माईकमध्ये शिरला की कानात सळई घातल्यासारखी एक शिट्टी निघते. साउंडवाल्याची इज्जत जायला तेवढी पुरते. पब्लिक ओरडायला लागलं. मी सगळी बटणं एकदम खाली ओढली, तर गायकाचा आवाजच गेला. वर केली तर परत शिट्टी. कुठलं बटण कुणाचं तेच आठवेना.

तेव्हा स्टेजवरून एक माणूस माझ्याकडं बघताना दिसला. आधी त्यानं एक बोट वर केलं आणि ते हळूहळू खाली आणलं, लहान मुलाला झोपवताना थोपटतात तसं. मग त्याच बोटानं कोरसच्या माईककडं दाखवलं. तो माईक कुणीतरी सरकवून थेट बॉक्सच्या तोंडाशी नेला होता. त्यानं स्वतःच जाऊन स्टँड उचलून मागं ठेवलं आणि परत आपल्या जागी उभा राहिला. शिट्टी गेली.

कार्यक्रम संपल्यावर मी आभार मानायला गेलो. तेच हे उत्तमभाऊ. लेन्स पुसत होते. पुसायला वहिनींच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. वर न बघता म्हणाले, "नवा आहे का बे?"

"हो."

"कुठचा?"

"साताऱ्याचा."

"म्हन्जे पुनेकर." झालं, तेव्हापासून ते नाव. "घाबरून ऱ्हायलता तू. घाबराचं नाही असं नाही म्हनत मी. घाबर, पन हात बटनावरून काढू नको."

तेव्हापासून आमचा एक शिरस्ता पडला. गाणं रंगलं की कमिटीवाले 'वाढव, वाढव' म्हणायचे. मी वाढवायचो. मग स्टेजवरून ते बोट वर यायचं आणि हळूच खाली उतरायचं. मी आवाज उतरवायचो. माझा खरा मालक ते बोट होतं.

त्यांच्या कामाची एक पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. गेल्या वर्षी ज्या गावात कार्यक्रम झाला, त्या गावात या वर्षी जाताना ते गेल्या वर्षीचे फोटो घेऊन जायचे. मंडपाच्या दोन खांबांमध्ये सुतळी बांधायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी फोटो लावायचे. ज्याचा असेल त्यानं काढून न्यावा. मुख्य गायकाचा फोटो एखादाच असायचा. बाकीचे कोरसवाल्यांचे, खंजेरीवाल्याचे, पाणी देणाऱ्या बाईचे. "पुढच्याले सारेच पाह्यते," म्हणायचे, "मागच्याले कोन पाह्यते?" म्हाताऱ्या बाया चष्मे सावरत त्या दोरीखालून हिंडायच्या. मागच्या वर्षी कोरसात बसलेला माणूस वर्षभरात गेला असेल तर त्याच्या घरचं कुणीतरी येऊन तो फोटो काढून न्यायचं. तेवढ्या वेळेपुरते भाऊ दोरीपासून लांब जाऊन उभे राहायचे.

आर्णीकडच्या त्या गावात पुढल्या वर्षी गेलो तर दोरीवर माझा फोटो. मिक्सरवर वाकलेला, दोन्ही हात बटणांवर, नजर समोर. फोटोत मी घाबरलेला नव्हतो. माझा असा फोटो आयुष्यात पहिलाच. गावी आईला पाठवला. तिनं तो देव्हाऱ्याच्या बाजूला लावलाय. हे ऐकून भाऊ म्हणाले, "बाजूले आहे तवरक ठीक. आत नको ठेवू म्हना."

फोटो काढताना ते सुरावर कधी खटका दाबायचे नाहीत. गायक वरच्या पट्टीत गेला, हात उंचावला, पब्लिकनं टाळ्या दिल्या की मोबाइलवाले तुटून पडायचे. भाऊ तेव्हा कॅमेरा छातीशी धरून थांबायचे. ओळ संपते, गायक तोंड मिटतो आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेतो, तो अर्धा क्षण त्यांचा. खट. एकच.

याच्यामागं एक किस्सा होता आणि तो ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. एका शाहिराचा बॅनर लागला होता, रस्त्याच्या तोंडाशी, दहा फुटी. फोटो दुसऱ्या कुणीतरी काढलेला. वरच्या सुरातला, तोंड वासलेलं, डोळे गच्च मिटलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या. बाजाराच्या दिवशी जीपमधून येणाऱ्या बाया विचारायला लागल्या, दात काढनारा डॉक्टर इथी नवा आला का? शाहीर आठवडाभर बाहेर पडला नाही. शेवटी भाऊंनी स्वतःहून त्याचा दुसरा फोटो नेऊन दिला आणि तो बॅनर उतरवायला लावला. "गाते तवा मानूस चांगला दिसत नाही," ते सांगायचे. "चांगलं ऐकू येते, ते येगळं. चांगला दिसते श्वास घेताना."

पण श्वासाचा तो क्षण पकडायला ओळ कुठं संपणार हे आधी कळावं लागतं. म्हणजे कान लागतो. ते काम डोळ्यांचं वाटलं तरी कानाचं होतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

पाच-सहा वर्षांत माझा हात बसला. आणि एक बदल झाला, ज्याचा मला फार अभिमान वाटायचा. बोट वर यायचं कमी झालं. आधी कार्यक्रमात दहा-बारा वेळा यायचं, मग चार वेळा, मग एखाद्याच वेळी. एका उन्हाळ्यात तर एकदाही नाही. मी वहिनींना जाऊन सांगितलं, आता भाऊंना माझ्या साउंडमध्ये चूक सापडत नाही म्हणून. वहिनी झेरॉक्सचे कागद जुळवत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि जुळवलेलेच कागद परत जुळवायला घेतले.

मग केळापूरकडच्या एका गावात दुपारी साउंड चेक करत होतो. मंडप रिकामा होता. भाऊ आपल्या जागी, डाव्या बॉक्ससमोर, लेन्स पुसत उभे. माझा धक्का लागून बटण वर गेलं आणि शिट्टी लागली. पहिल्या दिवशी लागली होती त्याच्या दुप्पट. खुर्च्या लावणाऱ्या पोरांनी खुर्च्या टाकून कान दाबले. झाडावरचे कावळे उठले. मंडपाबाहेर बांधलेली म्हैस दावं तोडायला बघायला लागली.

भाऊ लेन्स पुसत होते. लुगड्याचा तुकडा गोल-गोल फिरत होता, त्याच चालीनं.

मी बटण खाली ओढलं. पाठीमागून जाऊन मी हाक मारली, "भाऊ." नाही. मोठ्यानं मारली. नाही. फळीवर जोरात पाय आपटला. तेव्हा ते वळले.

नुसतं माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. आम्ही खाली येऊन स्टेजच्या सावलीत बसलो. मी विचारलं, "किती दिवस झालं?"

"हळू बोल," ते म्हणाले. मग स्वतःच हसले. "म्हन्जे सावकाश बोल. तोंड दिसू दे."

दोन वर्षं झाली होती. ढोलकी येते, म्हणाले, अनवाणी पायांना फळीतून येते. पेटीचा खालचा सूर थोडा येतो. बोलणं येत नाही, ते ओठांवरून समजतं. ओळ कुठं संपणार ते ढोलकीवरून आणि गळ्याच्या शिरेवरून कळतं. यवतमाळच्या डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं होतं, पण बॉक्ससमोर ते मशीनच बोंबलतं, म्हणून खिशात असतं. लवंगांच्या पुडीबरोबर.

"बॉक्समुळं झालं का?"

त्यांनी खिशातली लवंगांची पुडी चाचपली. मी परत विचारलं, सावकाश, तोंड दिसेल असं. त्यांना कळलं होतं. ते बॉक्सकडं बघत म्हणाले, "जागा मी निवडली ना बे. तू काहून आंगाले लावून घेतं?" मग माझं मनगट धरलं. "कोनाले सांगजो नको. कमिटीवाले म्हनतीन, बहिऱ्याले गान्यात कायले बोलावता. आनि बरोबर आहे त्यायचं. मलेही हसू येते. पन मले दुसरं काही येत नाही पुनेकर."

मी शब्द दिला.

मग आम्ही एक खूण ठरवली. मिक्सरच्या कडेला मी पिवळा रुमाल ठेवायचो. स्टेजवरून काही सूचना झाली, कुणाचं भाषण मध्येच आलं, फोटो थांबवायचे असले की रुमाल वर धरायचा. दर दोन-तीन मिनिटांनी भाऊ कॅमेरा खाली करून एकदा माझ्याकडं बघायचे. ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. डोळे मिक्सरवर, कान माईकवर, हात रुमालावर. कुणी त्यांना पाठीमागून हाक मारली की माझा जीव जायचा. एकदा सूत्रसंचालकानं माईकवरून विनोद केला, "आमचे उत्तमभाऊ इतके शांत, की घरी वहिनीलेही वाटते कोनी नाही." सगळे हसले. मी रुमाल हलवला, भाऊंनी पब्लिककडं बघितलं आणि हसले, दीड क्षण उशिरा. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सगळ्यांत जास्त ते गिरजाबाईंच्या कार्यक्रमाला जपायचे. गिरजाबाई म्हणजे या भागातली जुनी गायिका. पासष्टीची बाई, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज उन्हात तापलेल्या पत्र्यासारखा. म्हाताऱ्या बायांना येता यावं म्हणून त्यांचा कार्यक्रम चारला सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला संपायचा. शंकरदादा नावाचे ढोलकीवाले त्यांच्याबरोबर आयुष्यभर वाजवत होते. गिरजाबाई कुठं श्वास घेणार हे शंकरदादांच्या ढोलकीला ठाऊक असायचं, आणि ढोलकीवरून भाऊंना.

दारव्ह्याजवळच्या एका गावात, विहारासमोरच्या पटांगणात त्यांचा कार्यक्रम होता. आम्ही पोचलो तेव्हा कळलं, शंकरदादा चार दिवसांपूर्वी गेले. झोपेतच. गिरजाबाईंनी कार्यक्रम रद्द केला नव्हता. ढोलकीवर दादांचा भाचा बसणार होता.

भाऊंना हे मी लिहून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बराच वेळ लवंग काढली नाही.

नेहमी आधी वंदना होते. सगळे उभे राहतात, हात जोडतात, गिरजाबाई माईकवर सांगतात, लोक मागून म्हणतात. वंदनेला ढोलकी नसते. वंदनेचे फोटो भाऊ दरवर्षी काढायचे, पाठ पब्लिककडं आणि कॅमेरा गिरजाबाईंच्या चेहऱ्याजवळ. त्या दिवशी वंदनेच्या आधी कमिटीचे अध्यक्ष माईकवर आले आणि म्हणाले, "आपले शंकरदादा आपल्यात नाहीत. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना आदरांजली वाहू." हे ठरलेलं नव्हतं.

पटांगण उभं राहिलं. आणि शांतता झाली तशी माझ्या कानाला डाव्या बॉक्सची घरघर ऐकू आली. बारीकशी. एरवी गाण्यात बुडून जाते, कुणाला समजत नाही. पण त्या शांततेत ती मला विमानासारखी वाटली. अशा वेळी माईकची बटणं खाली घ्यायची, बस, एवढंच करायचं असतं. शिकाऊ पोरालाही कळतं. मी ते सोडून टेबलाखाली वाकलो, वायर दाबायला. रुमाल मिक्सरच्या कडेला तसाच राहिला.

खट.

माईक चालू होता. कॅमेरा माईकपासून वीतभर. पत्र्याच्या डब्यावर काठी मारावी तसा तो आवाज दोन्ही बॉक्समधून सगळ्या पटांगणावर आदळला.

खट. खट.

मी डोकं वर काढताना टेबलावर आपटलं. स्टेजवर गिरजाबाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मनातल्या मनात काहीतरी म्हणत होत्या. आणि उत्तमभाऊ, ज्यांना आता ओठ हीच भाषा होती, त्यांना वाटत होतं वंदना चालू आहे. एरवी एकच खटका दाबणारा माणूस त्या चेहऱ्यापुढं थांबत नव्हता.

खट.

गिरजाबाईंनी डोळे उघडले. मी रुमाल धरला, पण भाऊंची पाठ माझ्याकडं.

"ओ भाऊ," अध्यक्ष म्हणाले, "लाज आहे का थोडी? मेलेल्या मानसाची तरी ठेवा."

भाऊंनी पुढचा फोटो काढला.

ती बेपर्वाई वाटली लोकांना. दोन पोट्टे चपलांसकट स्टेजवर चढले. एकानं कॅमेऱ्याचा पट्टा धरला, तो मनगटाला दोन वेढे असलेला, त्यामुळं भाऊच ओढले गेले आणि गुडघ्यावर आले. दुसऱ्यानं हात उगारला. खालून कुणी म्हणालं, "हान त्याले." भाऊंनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर माझ्याकडं बघितलं. रुमालाकडं. आपलं काय चुकलं ते विचारत.

माझ्या टेबलावर एक माईक असतो, स्टेजवाल्यांना सूचना द्यायला. मी तो तोंडाला लावला. "मारू नका," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मी खूण करायची होती."

"कायची खून?" अध्यक्ष म्हणाले.

माझ्या तोंडाकडं भाऊ बघत होते. मी माईक तोंडापुढून बाजूला घेऊन बोलायला हवं होतं की माईकनं तोंड झाकायला हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. मी बोललो.

"त्यांना ऐकू येत नाही."

दोन्ही बॉक्समधून गेलं ते. सगळ्या गावानं ऐकलं आणि ज्याला ऐकू आलं नाही, त्यानं माझ्या ओठांवर वाचलं.

पोरानं पट्टा सोडला. भाऊ उठले. कुणाकडं न बघता पायऱ्या उतरले आणि चपलांशी उभे राहिले.

गिरजाबाई माईकजवळ आल्या. "शंकरचे दोन मिन्टं राह्यले," म्हणाल्या. "उभे राहा."

लोक परत उभे राहिले. या वेळी मी सगळी बटणं खाली घेतली होती. भाऊंनी लोकांना उभं राहताना पाहिलं, समजले, आणि तिथंच चपलांशेजारी अनवाणी उभं राहून डोळे मिटले. दोन मिनिटं झाली. अध्यक्ष म्हणाले, बसा. सगळं पटांगण बसलं. भाऊ उभेच. डोळे मिटलेले, मान खाली. त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायचं म्हणजे हात लावावा लागणार होता, आणि आत्ताच तर हात उगारला होता. शेकडो माणसं बसलेली आणि एक माणूस उभा. माझ्या हातात रुमाल होता. शेवटी पुढं बसलेल्या एका म्हातारीनं त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं, हळूच, नातवाला ओढावं तसं. त्यांनी डोळे उघडले. बसलेली माणसं बघितली. चपलांत पाय घातले आणि विहाराच्या बाजूनं रस्त्याकडं गेले.

आठ दिवस मी त्यांच्या घरावरून गेलो आणि आत गेलो नाही. नवव्या दिवशी वहिनींनी रस्त्यातच धरलं. आत नेलं, झेरॉक्सचा कोरा कागद आणि पेन हातात दिलं. "बोलू नका. लिवा. तोंड पाहून त्यायचं डोकं दुखते."

आठवीनंतर मी माईकचे नंबर आणि शंकरदादांच्या बातमीची ती ओळ सोडून काही लिहिलं नव्हतं. 'चूक माझी' एवढंच लिहून कागद पुढं सरकवला.

भाऊंनी वाचलं. "खाली वाकून काय करत होता तवा?"

'वायर', मी लिहिलं.

"निघाली होती?"

मी मान हलवली. नाही.

"कधीच निघत नाही बे तुही वायर." हसले. मग हसू थांबलं. "तू सांगितलं नसतं त पोट्टे मारत होते. सांगितलं, तर काम गेलं. दोन्हीतलं एक तू निवडलं. बरोबरच निवडलं असशीन. पन ते निवडाचं मले होतं."

कागद माझ्यासमोर होता. मी टोपण लावून पेन वहिनींना परत दिलं.

जाताना त्यांनी एक पाकीट दिलं. "गिरजाबाईले नेऊन दे. हा दोरीवर लावाचा नाही." पाकीट उघडं होतं. पाच खटक्यांतला एकच फोटो त्यांनी छापला होता. मिटलेले डोळे, किंचित उघडे ओठ. गाणंही नाही आणि श्वासही नाही. असा फोटो त्यांनी आधी कधी काढलेला नव्हता.

मी तो गिरजाबाईंना नेऊन दिला. त्यांनी बराच वेळ बघितला, पेटीच्या खोळीत ठेवला आणि विचारलं, "तो येईन का औंदा, दोरी बांधाले?"

काम गेलं ते गेलंच. एक-एक कमिटी दुसऱ्याला बोलवायला लागली. कुणी वाईट बोललं नाही. उलट फार चांगलं बोलायचे, गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. पुढल्या वर्षीच्या दिवाळीनंतर भाऊ आणि वहिनी लेकीकडं नागपूरला राहायला गेले. फोनवर बोलता येत नाही, म्हणून ते मधूनमधून फोटो पाठवतात. खिडकीतलं कबुतर, नातीची वेणी. मी अंगठा पाठवतो.

पण जायच्या आधी, त्याच गावच्या त्या वर्षीच्या कार्यक्रमाला ते आले होते. कॅमेरा नव्हता. सुतळी, चिमटे आणि फोटोंची पिशवी. शंकरदादांचा एक जुना फोटो होता, ढोलकीच्या कड्या ओढताना, ओठांत विडी. भाच्यानं तो काढून नेला तेव्हा भाऊ सवयीनं लांब जाऊन उभे राहिले.

फोटो काढायला कमिटीनं यवतमाळची एक मुलगी बोलवली होती. चांगली चटपटीत. तिलाही तीच जागा सापडली, डाव्या बॉक्ससमोर, हातभर अंतरावर. पायात बूट. गिरजाबाईंनी पहिली ओळ उचलली, पब्लिक खूश झालं, मी आवाज चढवला. मुलीनं एक खांदा कानाशी नेला आणि तशीच फोटो काढत राहिली.

भाऊ खाली, बायांच्या रांगेच्या कडेला उभे होते. त्यांना बॉक्समधून काय येत होतं ते मला माहीत नाही. काही येत नसावं. ते गिरजाबाईंकडं बघत नव्हते. त्या मुलीच्या खांद्याकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोट वर केलं.

कित्येक वर्षांनी. बोट वर आलं आणि हळूहळू खाली उतरलं.

मी आवाज उतरवला. ते मुलीकडं बघत राहिले. खांदा अजून वरच होता. बोट परत वर आलं. मी अजून उतरवला. आता तिचा खांदा खाली आला. तिला काही समजलं नाही, तिनं फक्त कॅमेरा नीट धरला आणि ओळ संपायची वाट बघायला लागली.

"ओ पुनेकर," मागून अध्यक्षांचा आवाज आला, "काहून कमी केला? मागं ऐकू येऊन नाही राह्यलं."

भाऊंनी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली, विहाराच्या बाजूनं रस्त्याला लागले. माझा हात बटणावरच होता. मी आवाज वाढवला नाही.